एका हाताची देवी

आज सुनेच्या हातून कपाचा कान तुटला आणि मला घरात बसवेना.

मी लहान असताना औंढ्याला आमच्या विहिरीपाशी माझी विधवा आत्या एक बाई घडवत होती. तुंगार्लीला साहेबाच्या बंगल्यात ती भांडी घासायची. तिथल्या फुटक्या कपबश्या ओच्यातून आणायची आणि एकेक तुकडा चुन्यात बसवायची. पाय पसरून निवांत बसलेली बाई, अंगावर निळ्या वेलबुट्टीचं लुगडं. तिचा एक हात तेवढा व्हायचा होता.

एका सकाळी आत्या, आई आणि मी पाण्याला गेलो, तर सवाष्णींनी त्या बाईला मळवट भरलेला, पुढ्यात नारळ फोडलेला. ओल्या चुन्याच्या वासात हळदीचा वास मिसळला होता. आत्या पुढे झाली तशी आईने तिला अडवलं.

"वन्सं, आता तुमी शिवू नका. देवी झाली ती."

"अगं, पर तिचा हात ऱ्हायलाय."

आई पाणी शेंदायला लागली. हातासाठी आणलेला कपाचा कान मुठीत धरून आत्या लांबूनच बाईभोवती फिरत राहिली, थांबेचना. मला वाटलं, प्रदक्षिणा घालतेय.

आता तिथे देऊळ आहे. देवीचा हात कुठल्या राक्षसाने तोडला, ते पुजारी रंगवून सांगतो. लोक हात जोडून ऐकतात. मला तिथेही बसवत नाही.