मावशी आणि विटांचा मनोरा

"कुरकुरतंय ना? मग काळजी नाही," चर्चच्या खांबाला कान लावून मावशी म्हणायच्या. आमच्या वेलिंग्टनमध्ये जमीन जरा हलली, की दहा मिनिटांत त्या तिथे हजर.

मूळच्या नगरच्या, इथल्या हॉस्पिटलात नर्स म्हणून रिटायर झालेल्या. जॉन्सनव्हिलला आमच्या शेजारी राहायच्या आणि जवळच्या जुन्या अँग्लिकन चर्चची देखभाल करायच्या. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल. घरचा नळ महिनाभर गळतो, पण चर्चच्या पन्हळीत पान अडकलेलं दिसलं की शिडी मागायला येते.

चर्च अख्खं लाकडी, जहाजं बांधणाऱ्या सुतारांनी उभारलेलं. आत बसून वर पाहिलं की छत पालथ्या होडीसारखं दिसतं. समोरचा विटांचा मनोरा मागाहून जोडलेला. रविवारी त्याच्याखाली उभं राहून दोर ओढायचा, घंटा वाजवायची, हे मावशींचं काम.

मी स्ट्रक्चरल इंजिनियर. भूकंपाच्या दृष्टीने तपासणी करायला कमिटीने मलाच सांगितलं. लाकूड ठणठणीत निघालं. मनोऱ्याच्या विटांमधला चुना मात्र बोट लावलं तरी भुरभुरत होता.

"रिपोर्टमध्ये जरा सांभाळून लिही रे," मावशी म्हणाल्या. "ढीगभर भूकंप बघितलेत त्याने."

"मावशी, दोर ओढताना खाली तुम्हीच असता."

"माझं मी बघीन."

तीन दिवस मी रिपोर्ट उघडत-मिटत राहिलो. कपबशी जरी वाजली तरी दचकायचो. शेवटी लिहिलं: मनोरा धोकादायक आहे, उतरवावा.

मावशींनी बोलणं टाकलं. डेअरीत दूध घेताना समोर आल्या तरी मान फिरवायच्या.

मग एका रविवारी सकाळी दारात उभ्या. हातात मनोऱ्याची किल्ली.

"ही तू ठेव. माझ्याकडे राहिली तर मी जाईन."

चहालाही थांबल्या नाहीत.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलगी त्यांना ऑकलंडला, फ्लॅट बुशला घेऊन गेली. मनोरा उतरवायच्या दिवशी मी त्यांना व्हिडिओ कॉल लावला. तेच आमचं शेवटचं बोलणं. पुढच्याच महिन्यात त्या गेल्या.

क्रेनने घंटा अलगद खाली ठेवली. मी ती दाखवत होतो, पण मावशींचं तिकडे लक्षच नव्हतं.

"कामगार सगळे बाहेर आहेत ना? नीट बघ."

"आहेत, मावशी." मी कॅमेरा स्वतःकडे वळवला.

"आणि तू? तुझ्या डोक्यामागे विटा दिसतायत मला!"

खरंच, मी सुरक्षेच्या पट्टीच्या आत उभा होतो.

"सरक आधी!" वॉर्डात ओरडत असतील तशा त्या ओरडल्या. मी मागे आलो.

"अजून."

मी रस्त्यापर्यंत मागे गेलो, आणि त्या "बास" म्हणेपर्यंत सरकतच राहिलो.