एक बूट इथं, एक बूट तिथं

आधी चहा संपवून घ्या. सकाळी माझ्यासोबत फिरणाऱ्या बंडूभाऊनं, तो स्वतः तिथं होता तरी, हा किस्सा ऐकता ऐकता चहा घेतला अन् तो त्याच्या नाकातून बाहेर आला. मी माझी फजिती सांगायले तयार आहे, पण तुमच्या शर्टाची जबाबदारी घेणार नाही.

तर मी गांधीबागेतला कपड्याचा व्यापारी. उभा जन्म साड्यांच्या घड्या घालण्यात गेला. डोंगर पाहिला असेल तर गोदामातल्या गाठींचा. असा माणूस ट्रेकिंगचा लीडर कसा झाला म्हणाल? मोबाइलनं झाला, दुसरं काय.

आमचा नंदनवनात सकाळी बगिच्यात फिरणाऱ्यांचा ग्रुप आहे. फिरणं कमी अन् तर्री-पोहे जास्त. एक दिवस ठरलं की रामटेकले जायचं, पण गाडीनं वर नाही, अंबाळ्याच्या तलावाकडून पायी चढायचं अन् संध्याकाळच्या आत घरी. मी तेव्हा रोज जेवण झाल्यावर ट्रेकिंगचे व्हिडिओ पाहून राहिलो होतो. तोंडातून निघून गेलं, "भाऊ, डोंगर म्हणजे खेळ नाही. सामान पाहिजे." झालं. तिथंच मले लीडर करून टाकलं.

मग मी पेटलो. सॅक घेतली, तिले छातीवरून पट्टा, पोटावरून पट्टा. घालून दाखवली तर आमची ही म्हणाली की वरातीच्या घोड्यालेही इतके पट्टे नसतात. लांब-आखूड होणाऱ्या दोन काठ्या घेतल्या. गळ्यात अडकवायची शिटी घेतली. डोक्याले बांधायची बॅटरी घेतली, चढायचं मात्र दिवसाउजेडी होतं. सॅकले पावसाचं कव्हर घेतलं अन् महिना होता डिसेंबर.

राहिले बूट. व्हिडिओतला पोरगा सांगे की नवे बूट घालून डोंगर चढू नका, पायाले फोड येतात, मुरलेले बूट घाला. आता मुरलेले बूट आणू कुठून? आमच्या घरात मुरलेलं एकच, कैरीचं लोणचं.

अन् मले माळा आठवला.

आमचे जावईबापू पुण्याले असतात. हिमालयात फिरायची त्यांले भारी हौस. दिवाळीत आले तेव्हा आपले डोंगरातले बूट आमच्या माळ्यावर ठेवून गेले, कारण पुढच्या वेळी मित्रांसोबत नागपूरहूनच गाडी धरायची होती. आमच्या पोरीनं, मनूनं, फोनवर बजावलं होतं, "बाबा, त्याच्या बुटांले हात लावू नका. घालून घालून त्यानं ते पायाले बसवले आहेत." अन् जावईबापू ते न्यायले कधी येणार होते? आमच्या रामटेकच्याच दिवशी, संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची गाडी.

मी म्हटलं, सकाळी जाऊ, दुपारी उतरू, बूट पुसून परत माळ्यावर ठेवून देऊ. जावयाले काय कळते?

तुम्ही म्हणाल, जावई म्हणजे घरचाच पोरगा, मागून घ्यायचे होते. कसं मागणार? लग्नाले वर्ष नाही झालं. नव्या जावयाले द्यायचं असते. त्याच्या पायातलं मागणारा सासरा उभ्या विदर्भात कोणी पाहिला काय? आमच्या हिनं निघताना बूट पाहून विचारलंच, "हे जावयाचे नव्हेत काय?" मी म्हटलं, "विचारलं आहे त्यांले." एवढंच खोटं बोललो. पण बियाणं बारीकच असते, नाही का?

हीही सोबत निघाली, हातात कापडी पिशवी. त्यात पोळ्या, ठेचा अन् रबरी चपला. म्हणे, वर देवळात जोडे काढावे लागतात, चपला बऱ्या. मी म्हटलं की ट्रेकिंगले कोणी पिशवी घेऊन जात नसते, लोक हसतील. ती म्हणाली, "पिशवी मी उचलून राहिली. तुम्ही तुमचे पट्टे सांभाळा."

अंबाळ्याले पोहोचलो. मी पहिल्या पायरीवर एक पाय ठेवला, दोन्ही काठ्या रोवल्या अन् तलावाकडे पाहत उभा राहिलो. हिनं फोटो काढला. फोटो झकास आला. बूट तर असे दिसत होते की जसा मी एव्हरेस्टवरूनच उतरून राहिलो.

चढताना काय झालं ते विचारू नका. अर्ध्यात माझा दम गेला, काठ्या बंडूभाऊले दिल्या. नवसाच्या बाया अनवाणी, कडेवर लेकरं घेऊन, आमच्या बाजूनं बोलत बोलत वर गेल्या. बूट एक नंबर मोठे होते, त्यामुळे प्रत्येक पायरीवर पाय आधी जाये अन् बूट मागून येये.

वर पोहोचलो अन् पहिलंच दृश्य काय? एका माकडानं बंडूभाऊच्या हातातून केळाची फणी ओढून नेली. रामटेकची माकडं तुम्हाले माहीतच आहेत. ती मागत नाहीत, वसूल करतात.

आता देवळात जायचं तर बूट काढणं आलं. हार-नारळवाल्या बाईनं सांगितलं की दुकानात ठेवा, मी पाहते. पण जावयाचे बूट, कोणाच्या भरवशावर ठेवता? मी आमच्या बाबांची विद्या काढली. बाबा कोणत्याही देवळात गेले की एका पायातला जोडा ह्या दाराशी काढत, दुसऱ्या पायातला त्या दाराशी. एकाच पायाचा जोडा नेऊन चोर काय करणार? त्यांचा जोडा जन्मात चोरीले गेला नाही. मी उजवा बूट बाईच्या दुकानाच्या बाकाखाली सरकवला अन् डावा पार तिकडे तटाच्या भिंतीजवळ, झाडाच्या बुंध्याशी.

इथपर्यंत ठीक होतं. पण हुशारी एकदा उतू जायले लागली की माणसाले आवरत नाही. माझ्याजवळ डिंकाचे लाडू होते. हातात न्यावे तर माकड नेईल, सॅकमध्ये ठेवावे तर माकडं चेन उघडतात म्हणे. बूट मोठा, समोर पोकळीच पोकळी. मी लाडू कागदात गुंडाळून डाव्या बुटात पार बोटांकडे सारले अन् वरून मोजा कोंबला. माझा घामाचा मोजा. त्याच्या वासानं माणूस पळतो, माकडाची काय बिशाद?

बंडूभाऊ म्हणाला, "लीडर, डोकं हाय गा तुमचं."

मले पटलं.

दर्शन घेतलं, पण खोटं काय बोलू, रामासमोर हात जोडले अन् मनात बूटच होते. बाहेर आलो. उजवा बूट बाकाखाली जसाच्या तसा. बाबांले मनात नमस्कार केला अन् डाव्याकडे गेलो.

मोजा खाली पडला होता. बूट तटाच्या भिंतीवर होता. बूट मांडीवर घेऊन एक दांडगं माकड बसलं होतं अन् आत हात घालून, घरच्या डब्यातून काढावा तसा, एकेक लाडू काढून खाऊन राहिलं होतं.

संध्याकाळी जावई येणार अन् त्याचा बूट माकडाच्या मांडीवर. व्हिडिओतला पोरगा आठवला, संकटात शिटी वाजवा. मी जीव खाऊन शिटी वाजवली. आता मले काय माहीत की गडावर एक भक्त रोज शिटी वाजवूनच माकडांले चणे टाकतो? चारी बाजूंनी सारी जमात आली. म्हातारी माकडं, पोटाले पिलं धरलेल्या माकडिणी, सगळे माझ्यासमोर पंगतीले बसले. नारळवाली बाई म्हणे, आता चणे टाका, नाही तर ते जात नसतात.

तेवढ्यात आमची ही पुढे आली. मले बाजूले सारलं, पिशवीतून पोळी काढली अन् त्या माकडाले दाखवली. "घे रे बाबा, हे घे. ते ठेव." माकडानं पोळीकडे पाहिलं, बुटाकडे पाहिलं. बूट हळूच भिंतीवर ठेवला. एक हात पोळीकडे लांबवला. सौदा झालाच होता.

अन् मी, लीडर. मी काय करावं? मले वाटलं, हाच मोका. बंडूभाऊच्या हातची काठी घेतली, खटकन लांब केली अन् बूट ओढायले धावलो. माकड दचकलं, त्यानं बूट उचलला अन् तटापलीकडे भिरकावून दिला. खाली दरीत झुडपंच झुडपं. आवाजही नाही आला.

पोळी मात्र घेऊनच गेलं.

बाबांची विद्या खरी होती बरं. एकटा बूट चोराच्या काही कामाचा नसतो. तो आपल्याही कामाचा नसतो, हे बाबांनी कधी सांगितलं नव्हतं.

हिनं पिशवीतून रबरी चपला काढल्या अन् माझ्यासमोर ठेवल्या. चपला तिच्याच, त्यावर प्लास्टिकचं गुलाबी फूल. पाठीवर ती सॅक, छातीवर पट्टा, गळ्यात शिटी, हातात एक बूट अन् पायात गुलाबी फुलं, असा मी रामटेकचा गड उतरलो. नवसाच्या बायांनी बाजूले होऊन मले वाट दिली.

नंदनवनात येईपर्यंत मी गोष्ट तयार केली होती. जावईबापू मनूसोबत आले, चहा झाला. मी स्वतःहूनच उजवा बूट समोर ठेवला अन् पडेल आवाजात सांगितलं की तुमच्यासाठी बूट चांगले उन्हात ठेवले होते गच्चीवर, अन् काय सांगू, माकड आलं.

ते म्हणाले, "नंदनवनात माकड?"

मी म्हटलं, "आजकाल फार सुटले आहेत. जंगल राहिलं कुठं?" अन् मग जंगलतोडीवरही बोललो. स्वयंपाकघरात हिचा खोकला सुरू झाला.

माझं संपल्यावर त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. अंबाळ्याची पायरी. दोन काठ्या. मी. अन् चकचकीत दोन बूट. हिनं फॅमिली ग्रुपवर सकाळीच टाकला होता, खाली लिहून की जावयाचे बूट सासऱ्याले शोभून दिसतात. मीच सांगितलं होतं ना तिले, विचारलं आहे म्हणून.

जावईबापू अगदी अदबीनं म्हणाले, "बाबा, लग्नात साळ्यांनी माझे जोडे लपवले, ते मी रिवाजाप्रमाणे सोडवून घेतले. पण सासऱ्यानं चोरले तर काय रिवाज आहे, तेवढं सांगा."

मनूनं आधी हसू दाबलं, मग सोडून दिलं. मी तसाच उठलो, जावयाले स्कूटरवर बसवलं अन् बाजार बंद व्हायच्या आत नवे बूट घेऊन दिले. ते घालून ते हिमालयात गेले. चार दिवसांनी ग्रुपवर फोटो आला, डोंगराचा नाही, टाचेवरच्या फोडांचा. मुरलेल्या बुटांचं महत्त्व व्हिडिओतल्या पोरानं बरोबरच सांगितलं होतं.

अन् तो उजवा बूट? टाकवत नव्हता. आमच्या हिनं तो दोरीनं बाल्कनीले उलटा बांधला, घराले नजर लागू नये म्हणून. आता रोज सकाळी फिरायले जाताना बंडूभाऊ फाटकाशी थांबतो, वर पाहतो अन् आमच्या हिले आवाज देतो, "वहिनी, एक बूट इथं दिसून राहिला. म्हणजे लीडर आत दर्शनाले गेले. दुसरा पार त्या दाराशी काढला असन!"