वाघोबाचा फ्लॅट नंबर

"कमिटीत विषय घेतो." देवरामशी मी बोललेलं हे शेवटचं वाक्य. तो हॉस्पिटलच्या खाटेवर होता, पाय सुजलेले, डोळे पिवळे पडलेले, आणि इतक्या वर्षांच्या मैत्रीत त्याने पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं होतं. मी त्याला मित्रासारखं नाही, सोसायटीच्या चेअरमनसारखं उत्तर दिलं. तो हसला. "घे घे," म्हणाला. पुढच्याच आठवड्यात त्याच्या बायकोचा, जानकीवहिनींचा फोन आला. त्या रडल्या नाहीत. "भावजी, तुमचा मित्र गेला," एवढंच म्हणाल्या.

त्याने काय मागितलं होतं ते सांगायचं तर आधी माझी चूक सांगायला हवी.

बोरिवलीला पूर्वेकडे, जंगलाच्या कडेला आमची बिल्डिंग आहे. तिच्यामागे वारल्यांचा पाडा आहे, असं आम्ही पत्ता सांगताना म्हणतो. खरं तर पाडा आधीचा, बिल्डिंग त्याच्या पुढ्यात येऊन बसलेली. गिरणी बंद पडल्यावर माझे वडील आम्हाला घेऊन इथे आले, झोपडं घातलं, तेव्हा देवरामच्या वडिलांनी त्यांच्या विहिरीवर आम्हाला पाणी भरू दिलं. कोण, कुठले, किती दिवस राहणार, काही विचारलं नाही. देवराम आणि मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत एका बाकावर बसलो. पुढे तो बँकेत लागला, मी विमा कंपनीत. पहिली ताडी मी त्याच्या अंगणात प्यायलो आणि उलटी झाल्यावर त्याच्या आईनेच माझं तोंड धुतलं. पाड्याच्या शेतावर बिल्डिंग उभी राहिली तेव्हा शेत कसं गेलं हे त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला तिथे वन बीएचके मिळत होता.

कम्पाउंडची भिंत झाली आणि पाड्याचा वाघोबा आमच्या बाजूला राहिला. एक जुनी लाकडी फळी, तिच्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, सगळ्याला शेंदूर. ती उघड्यावरच असायची. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला पाड्यातली माणसं कोंबडी आणि ताडी घेऊन यायची, वाघोबाला त्याचं वर्षाचं द्यायची आणि निघून जायची. चेअरमन झाल्यावर मी त्या वाघोबाला देऊळ बांधलं. मार्बल, लोखंडी ग्रिल, कुलूप. देवराम खूश होईल, असं मला मनापासून वाटलं होतं. आमच्या सोसायटीला वाघ म्हटला की त्याच्यावर बसलेली देवीच ठाऊक. बायकांनी हौसेने फळीला हिरवी साडी नेसवली, आणि 'श्री वाघाई माता' अशी पाटी लागली. मी देवरामला मुद्दाम बघायला नेलं.

"अरे, बाप्याला साडी नेसवलीस?" तो म्हणाला.

मी हसलो, तोही हसला. मग ग्रिलला हात लावून म्हणाला, "आणि वाघाला पिंजरा. झकास रे!" तो दुखावला आहे हे मला कळलं नाही, असं मी नंतर स्वतःला बरेचदा सांगितलं. कळलं होतं.

त्या वर्षीच्या वाघबारशीला तो आणि पाड्यातले दोन म्हातारे गेटवर आले. नवा वॉचमन होता. त्याने विचारलं, "कोणाकडे?"

"वाघोबाकडे," देवराम म्हणाला.

"फ्लॅट नंबर?"

देवराम एवढ्या मोठ्याने हसला की मी खाली उतरलो. त्याच्या काखेत कोंबडी होती. मी म्हणालो, "नारळ फोड ना यार. अर्धी सोसायटी शाकाहारी आहे."

"तू आहेस?"

"माझं सोड. कमिटी ऐकणार नाही."

"वाघ नारळ खातो का रे, चेअरमन?" तोवर तो मला नावाने हाक मारायचा. मी कुलपाची चावी खिशात घट्ट धरून उभा राहिलो. शेवटी म्हाताऱ्यांनीच त्याला मागे ओढलं. त्यांनी भिंतीच्या बाहेर, गटाराच्या कडेला बसून आपलं केलं. मी वरून गॅलरीतून बघत होतो. पुढे दर वर्षी ते तिथेच बसत. देवराम बाजारात भेटला की हसायचा, बोलायचा, पण माझ्या घरी परत आला नाही.

आणि हॉस्पिटलात त्याने एवढंच मागितलं, "पोरीचं लग्न ठरलंय. त्याआधी एकदा आत जाऊन, वाघोबासमोर उभं राहून द्यायचंय रे. बघ ना, जमलं तर."

तो गेल्यावर मी खरोखरच कमिटीत विषय घेतला. चहा झाला, चर्चा झाली, विषय पुढच्या मीटिंगवर गेला. मग परवा वाघबारशीला मी कोणाला न विचारता गेट उघडलं, ग्रिलचं कुलूप काढलं. पाड्यातली माणसं आत आली. एका म्हाताऱ्याने साडी सोडवून, नीट घडी करून माझ्या हातात दिली. कोंबडी दिली, ताडी शिंपडली. वरच्या खिडक्या धडाधड बंद होत होत्या. सगळे परत निघाले तेव्हा जानकीवहिनी मागे राहिल्या.

मी म्हणालो, "वहिनी, तो माझ्यावर फार रागावला होता ना?"

"नाही हो. ते घाबरायचे," त्या म्हणाल्या. "वर्षाचं नीट पोचलं नाही तर वाघोबा जंगलातून खाली उतरतो. त्याला पाडा काय, बिल्डिंग काय! बाहेर गटारापाशी बसायचे ना, तेव्हा आमच्या पोरीनंतर तुमच्या पोराचं, समीरचं नाव घ्यायचे. याला सांभाळ म्हणायचे. दर वर्षी."

मी त्या मार्बलच्या पायरीवर बसलो. खिडक्यांमागे माणसं होती, आणि त्यांनाही ऐकू जावं म्हणून मी मोठ्याने म्हणालो, "वहिनी, ही जागा तुमची होती. मी देवरामला त्याच्याच देवाच्या दारात अडवलं आणि वरून बघत बसलो. चुकलो मी. मला माफ करा."