होजीकाकांचा नकार

कोणी 'बसा' म्हटल्याशिवाय होजीकाका बसत नसत. आमच्या घरच्या एका लग्नात ते सकाळपासून मांडवाच्या खांबाशी उभे होते. पंगती उठल्या, वऱ्हाड निघायच्या गडबडीत होतं, तरी हे उभेच. जेवलात का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "कोनी म्हटलं नाही जी." आम्ही सगळे हसलो. सिहोऱ्यात त्यांना हसणं यात नवीन काही नव्हतं. कोणी काहीही सांगितलं की "हो जी" म्हणून ते कामाला लागत, म्हणून गावानं त्यांचं नावच होजी पाडलं होतं. नात्यानं ते माझे सख्खे काका.

हेच काका तरुणपणी म्हणे मोठे भांडकुदळ होते. धानाच्या पाण्याची पाळी कोणी चुकवली तर बांधावर फावडं रोवून उभे राहायचे आणि भल्याभल्यांना 'नाही' सांगून परत पाठवायचे. मग एका सरकारी खात्यात चौकीदार म्हणून लागले. तिथून त्यांना 'तब्येतीच्या तपासणीसाठी' कुठल्याशा डोंगरावरच्या दवाखान्यात नेलं. चौदा महिन्यांनी परत आले ते असे. सोबत एक कागद होता, त्यावर प्रकृती उत्तम असल्याचं लिहिलं होतं. गाव खूश झालं. सरकारनं माणूस वळणावर आणला, असं जाणती माणसंसुद्धा म्हणाली. एकटी काकू रडली. "आता भांडाले कोनी नाही राह्यलं घरात," असं ती म्हणायची, आणि आम्ही तिलाही हसायचो.

डोंगरावर काय झालं हे कळायला काही अवघड नव्हतं. काकांना विचारलं की ते सांगत. विचारायची आमचीच छाती होत नसे. मी एकदाच विचारलं. बाजाराची यादी सांगावी तसं त्यांनी सांगितलं. ओळीनं खाटा, सकाळी कडूगोड औषध, उशीजवळ भोंगा आणि त्यातून दिवसरात्र एकच वाक्य, 'तू ऐकणारा माणूस आहेस.' ऐकलं की चहा, नाही ऐकलं की अंधारी खोली.

"आमी बारा जन होतो जी. एकाले कोनी जेव म्हटलं नाही, तर तो जेवलाच नाही."

"मग?" मी विचारलं.

"मंग अकरा."

त्यानंतर पुढे विचारायचं धाडस मी केलं नाही.

मी कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्याच्या तोंडाला तलावावर मासोळ्या धरणं चाललं होतं, अर्धं गाव काठावर. कोणीतरी गमतीत म्हणालं, "जा होजी, पल्याड जाऊन ये." काका पाण्यात शिरले. गुडघ्याला पाणी आलं, कमरेला आलं, आम्ही हसतोय. छातीला आलं तेव्हा काहींचं हसू थांबलं. गळ्याला आलं तेव्हा सगळ्यांचीच पाचावर धारण बसली, पण 'परत ये' म्हणायचं कोणालाच सुचेना. त्यांना पोहता येत नव्हतं, हे आम्हा प्रत्येकाला माहीत होतं. तलावाच्या बांधावरून काकू धावत आली आणि "वापस या" म्हणून ओरडली, तेव्हा कुठे ते वळले. बाहेर येऊन निथळत उभे राहिले आणि म्हणाले, "आता काय करू?" त्यांच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. त्यांच्या वाट्याचंही आम्हीच भ्यालो होतो.

त्या दिवसापासून काकूनं एक नियम केला. सकाळी दिवसभराचं काम सांगायचं, आणि परत यायचंही त्यातच सांगायचं. "बकऱ्या न्या, अन् ऊन चढलं का घरी या." "आंधळगावले जाऊन या, अन् मंग जेवा, अन् निजा." परतीची वाट सांगितल्याशिवाय तिनं नवऱ्याला कधी दाराबाहेर पाठवलं नाही. माझी काकू शाळेत गेली नव्हती, पण असा नेम मी भल्याभल्या शिकलेल्यांत पाहिला नाही.

पुढे मला लाखांदूरकडच्या शाळेत नोकरी लागली. सोमवारी पहाटेची एसटी असायची. 'पोरीले गाडीवर सोडून या', असं काकू एकदा म्हणाली, तेव्हापासून काका दर सोमवारी माझी पिशवी घेऊन हजर. हे प्रेम की हुकूम, हा प्रश्न मला पुष्कळ छळायचा. एकदा पाऊस होता. काकांनी छत्री पूर्ण माझ्यावर धरली आणि स्वतः भिजत चालले. शनिवारी घरी आल्यावर मी काकूला खोदून खोदून विचारलं. छत्रीचं तिनं काहीच सांगितलं नव्हतं. मला रडू आलं. आत कुठेतरी काका अजून आहेत, असं तेव्हा वाटलं, आणि तेवढ्यावर मी बरीच वर्षं काढली.

गेल्या वर्षी ते पत्र आलं. एक माणूस मोटारसायकलवरून हातात देऊन गेला. जुन्या तपासणीचा पुढचा भाग करायचा आहे, अमुक दिवशी साहेब येतील, संबंधिताची राजीखुशी असेल तरच सोबत नेतील, घरच्यांची संमती लागणार नाही. मी ते पत्र वकिलाकडे नेलं. कोणाविरुद्ध अर्ज करायचा, असं त्यांनी विचारलं, कारण कागदावर खात्याचं नावच नव्हतं. काकांना कुठे लपवावं, तर विचारेल त्याला ते स्वतःच पत्ता सांगणार. काकू चुलीपुढे बसून म्हणाली, "ते 'चालता का' म्हनतीन, अन् हे 'हो जी' म्हनतीन. झालं."

म्हणजे सगळं एका शब्दावर आलं होतं. आणि मी तर मास्तरीण. पाढे घोकून घेण्यात माझा हात धरणारं तालुक्यात कोणी नाही. मी रजा टाकली आणि काकांना समोर उभं केलं. "काका, चालता का आमच्यासोबत?" "हो जी." "नाही म्हणा. चालता का?" "हो जी." सकाळी शंभर वेळा, संध्याकाळी शंभर वेळा. पाचव्या दिवशी माझा तोल गेला. बरोबर उत्तर येईपर्यंत चहा द्यायचा नाही, असं मी काकूला बजावलं. कप समोर निवत राहिला. काकांच्या कपाळावर घाम आणि डोळ्यांत ती भीती, जी तलावातसुद्धा नव्हती. ते मला भीत होते. मला ते दिसलं आणि तरी मी थांबले नाही. नवव्या दिवशी ओठ हलले. "नाही जी." मी टाळ्या वाजवल्या आणि गरम चहा त्यांच्या हातात दिला.

साहेब आले ते अगदी सभ्य. दोघे होते, चपला दाराबाहेर काढून आत आले. वयानं मोठा होता त्यानं काकांची विचारपूस केली आणि मग हळूच विचारलं, "काका, चालता का आमच्यासोबत?" काकू भिंतीला टेकली होती, मी काकांच्या ओठांकडे बघत होते.

"नाही जी."

त्यानं शब्द फिरवून फिरवून आणखी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा नाही. माझ्या जिवात जीव आला. साहेब रागावला नाही. त्यानं काकांकडे निरखून पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कौतुकानं म्हणाला, "छान काम केलंत, मॅडम. किती दिवस लागले?"

"नऊ," मी म्हणून गेले.

त्यानं ते वहीत लिहून घेतलं. गाडी गेली, ती पुन्हा आली नाही. काकूनं त्या दिवशी देवापुढे नारळ फोडला. मला प्रसाद गिळवेना.

यंदा थंडीत काकांना एका सकाळी दरदरून घाम फुटला. मी सुट्टीवर घरीच होते, लगेच तुमसरला दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टर, स्वभावानं मायाळू. त्यांनी नीट तपासलं, एक एक गोष्ट विचारली. "काका, छातीत दुखते का?"

काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाही जी."

"हात भरून येतो का?"

"नाही जी."

प्रत्येक उत्तरानंतर ते माझ्याकडे बघत होते, मी खूश झाले की नाही ते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्रास वाढला तर लगेच या म्हणाले. तिसऱ्या दिवशी दुपारी, बकऱ्यांना पाला टाकता टाकता काका गेले.

मधले दोन दिवस ते ओसरीवर माझ्यासमोरच बसून होते. 'काका, खरं सांगा, दुखते का?' एवढं मला विचारता आलं असतं. त्यावर ते काय म्हणतील याची मला भीती वाटत होती. मी विचारलं नाही.