मोझेलच्या मधोमध ठेवलेलं नाव

गुनहिल्डच्या नावात लढाई दोनदा येते. जुन्या जर्मन बोलीत गुन म्हणजे लढाई आणि हिल्ड म्हणजेही लढाईच. पण मोझेल नदीच्या दोन्ही काठांवर तिच्याइतकी शांत बाई नव्हती. भडक डोक्याचा होता तो तिचा नवरा क्लेमेन्स, आणि लॅटिनमध्ये त्याच्या नावाचा अर्थ सौम्य!

वडील लुडगर थकल्यावर राडोल्फ्सहाइम, म्हणजे ‘राडोल्फचं घर’, या आपल्या गावची फेरीबोट गुनहिल्डनेच हाती घेतली. क्लेमेन्स पलीकडच्या फ्लोरिखचा. लग्नानंतर तो नदी ओलांडून तिच्याकडे राहायला आला, याचा राग फ्लोरिखकरांनी बरीच वर्षं धरला.

लेकीच्या बारशाचा रविवार उजाडला. चर्च फ्लोरिखला, म्हणून सगळे बोटीत बसले: दोन्ही आजोबा, बाळाला घेऊन क्लेमेन्स आणि दोन्ही गावांचे मिळून एकच असलेले फादर.

"नाव व्हालेरिया," सासरे सेव्हेरीन म्हणाले. "आमच्यात रोमन नावंच ठेवतात."

"रोमन म्हणे!" लुडगर उसळले. "कुण्या फ्लोरुस जमीनदाराची वाडी, म्हणून तुमचं फ्लोरिख. तुमचे पूर्वज त्याची द्राक्षं तुडवत होते! नातीचं नाव हिल्टरुड."

"अहो व्याही, आमची वाइन मुरली तेव्हा तुमचा तो राडोल्फ डुकरांमागे रानोमाळ धावत होता! घर बांधायचं त्याला मागाहून सुचलं."

"माझ्या बापाला मध्ये आणू नका," असं म्हणत क्लेमेन्सही तापला. खरं तर बापाला मध्ये कुणी आणलंच नव्हतं. बाळाने भोकाड पसरलं.

गुनहिल्डने इंजीन बंद केलं. बोट या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेल्या तारेला धरून भर प्रवाहात उभी राहिली.

"काय बिघडलं गं?" लुडगरनी विचारलं.

"काही नाही, बाबा. नाव ठरलं की निघू."

काठावर क्लेमेन्सची आत्या आलुबुखाराचा केक घेऊन उभी होती. तिला हात हलवताना पाहून सेव्हेरीनचा जीव कासावीस झाला.

"तूच सांग ना, सूनबाई!"

"सुझाना," गुनहिल्ड म्हणाली.

"हे यांच्यातलं का?" लुडगरनी संशयाने विचारलं.

"यांच्यातलंही नाही नि तुमच्यातलंही नाही," फादर हसू दाबत म्हणाले. "हिब्रू आहे. लिलीचं फूल."

"म्हणजे रोमन नाही? मग चालेल!"

"जर्मनही नाही? मग मलाही चालेल!"

दोघांनी एकमेकांकडे विजयी नजरेने पाहिलं. फादरनी बाही वर सारली, ओंजळभर मोझेल उचलली आणि बारसं तिथल्या तिथे उरकलं. पाणी गार लागताच सुझाना रडायची थांबली आणि टकमक बघू लागली.

पुढे गुनहिल्डला दोन मुलगे झाले. त्यांची नावं ठरवायला दोन्ही आजोबा आपणहून बोटीत येऊन बसले. सेव्हेरीननी येताना बाटली आणली होती आणि लुडगरनी ग्लास. नाव लवकर ठरू नये, असंच दोघांना वाटत होतं.