पाठीवर खडे असलेल्या कुर्ल्या

डिचोलीचे गोकुळदास आंबा घेताना आधी देठाचा वास घेत आणि मग विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. जन्मभर त्यांनी खनिजाचा ट्रक चालवला. टायरवर सळई मारून आवाज ऐकल्याशिवाय गाडी सुरू केली नाही. पुढे ही सवय माणसांच्या बाबतीतही लागली. लेक तनयासाठी पेडण्याचं स्थळ आलं. मुलगा गौरेश त्यांना फार आवडला, आणि एवढा आवडतो म्हणजे काहीतरी झाकलेलं असणार, असंही वाटलं.

साखरपुड्याचा दिवस तेवढा ठरायचा होता. अशात गौरेशच्या आईने, शेवंतीने, खाडीच्या कुर्ल्या धाडल्या. ओल्या गोणपाटात, नांग्या बांधलेल्या, जिवंत. गोकुळदासांनी एक उचलली. पाठीवर पांढरे टोकदार खडे. सुरीनेही निघेनात. एका खड्याच्या तोंडाशी काहीतरी हललं.

"रोगट आहेत. बाजारात कोणी घेतल्या नाहीत त्या आपल्याला."

"अहो, होडीच्या तळाला चिकटतात तेच जीव ते," बायको सुलोचना म्हणाली.

"पडून राहिलेल्या होडीलाच चिकटतात ना? आज असले खेकडे, उद्या पोरीला काय वाढतील? परत करतो आणि स्थळाला नाही म्हणून येतो."

"आधी विचारा तरी."

"विचारून खरं कोण सांगतो? जेवणाच्या वेळी जाऊन बघतो, स्वतः काय खातात ते."

तनयाने गोणपाट पुन्हा भिजवून दिलं.

म्हापशाला बस बदलून गोकुळदास पेडण्यात पोचले, तेव्हा शेवंती आणि गौरेशची पानं वाढलेली होती. हुमणाच्या रश्शात कुर्ल्या होत्या. पाठी गुळगुळीत, खडा एकही नाही. गोकुळदासांना हवं ते सापडलं. त्यांनी परत आणलेल्या कुर्ल्यांची पिशवी दाराशी ठेवली.

"न सांगता इलात? बसा, बसा," शेवंती म्हणाली आणि पान मांडलं.

ते बसले. पुरावा हातात घ्यावा म्हणून नांगी फोडली. आत पाणी. दुसरी फोडली. तिच्यातही पाणी.

"पोकळ्यो त्यो," शेवंती ओशाळली. "नुकतीच पाठीची साल टाकलेल्यो. खडे धरलेली कुर्ली बरेच दिस साल टाकीना, म्हणान ती मांसान भरता. तसल्यो सगळ्यो तुमका धाडल्यो." मग दाराशी पिशवी हलताना तिला दिसली. "ता काय हाडलात?"

गोकुळदास म्हणाले, "एकत्र खाऊया म्हटलं."

"जित्यो? डिचोलेसून?"

गौरेशने पानात मान घातली. शेवंतीने पिशवी उघडून एक कुर्ली उचलली. खड्यांच्या कडेने सुरीचे ताजे ओरखडे होते. तिने त्यांवरून बोट फिरवलं आणि व्याह्यांच्या तोंडाकडे बघितलं, आंबेवाल्याकडे बघावं तसं.

"साखरपुडा कधी करायचा मग?" गोकुळदासांनी घाईने विचारलं.

"बघूया," शेवंती म्हणाली. "आदी ह्यो शिजूंदी."