नवरीचं बोट

माझी भावजय चांगली आहे. कामाला वाघ, तोंडानं गोड, आईचं शेवटचं दुखणं तिनं एकटीनं काढलं. सगळं मला मान्य आहे. तरीही मी तिच्यावर जळते. साजगावला आपल्या घरी बसून जळते आणि कडावला माहेरी गेले की जरा जास्तच जळते.

कारण आईचा हात तिच्याकडे गेला.

आई लग्नघरांच्या भिंतीवर चित्रं काढायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं. गेरू, चुना, पिवडी, कपड्यांची नीळ आणि शिंदीची काडी ठेचून केलेला कुंचला, एवढ्यावर सगळा संसार. दाराच्या दोन्ही बाजूंना केळी, खाली हत्ती, वर पोपटाची जोडी. बौद्धवाडीत लग्न असलं की पोपटांच्या भोवती पिंपळाची पानं. हत्ती तिनं जवळून कधी बघितला नव्हता, म्हणून तिच्या हत्तींना म्हशीसारखे खूर असायचे. लोक हसायचे, पण बोलावणं तिलाच यायचं. त्याबदल्यात ती नारळ घ्यायची, बस्स.

पोपटांचे डोळे मात्र ती कधीच काढायची नाही. हळदीच्या दिवशी नवरीनं काजळाचं बोट टेकवून ते करायचे. "पोरगी घर सोडतेय, तिची एक खूण राहू दे भिंतीवर," असं म्हणायची. कडावातल्या कितीतरी पोरी सासरी गेल्या, पण त्यांची बोटं अजून माहेरच्या भिंतींवर आहेत.

माझं नाही. सासरच्यांनी कर्जतला हॉल घेतला होता, आणि बडे पाहुणे घरी यायचे म्हणून वडिलांनी पुढच्या भिंतीला कोरा करकरीत ऑइलपेंट लावून घेतला. आई काडी ठेचायला बसली तर कडाडले, "त्याच्यावर गिचमिड नको." आई उठली आणि आत गेली. गावच्या पोरींना भिंती मिळाल्या, पोटच्या पोरीला मिळाली नाही. सांगायचं तर हसू येईल, पण ते माझ्या मनातून गेलंच नाही.

मग भावाचं लग्न झालं आणि ही आली. मी सणाला माहेरी जायचे तर आई मला पाटावर बसवायची. "माहेराला आलीस ना, बस गं. सासरी मरतेसच." चहा हातात, भाकरी ताटात. चुलीकडे गेले की हाकलायची. गोठ्याच्या दाराशी नुसती उभी राहिले तरी ओरडायची, "मागं फिर, साडीला शेण लागंल!" आणि मी बिनडोक, लाड समजून खूश. तिकडे सुनेला मात्र पहाटेपासून हाताशी घेतलेलं. शेणगोठा दोघींनी करायचा, काड्या दोघींनी ठेचायच्या, निळीत पिवडी किती घातली की पोपटी होतं ते तिला शिकवायचं. मला बसवून ठेवलं आणि तिला शिकवलं! लेकीचे लाड म्हणजे हे असतात होय?

दिवाळीनंतर आई गेली. भाचीचं, म्हणजे भावाच्या लेकीचं, लग्न ठरलेलंच होतं, ते वर्षाच्या आत करायचं म्हणून वैशाखात धरलं. हळदीला पोचले तर भिंत तयार. भावजयीनं काढलेली. केळी, पोपट आणि हत्ती, खुरांसकट! शेजारणी पदर डोळ्याला लावून म्हणत होत्या, "हुबेहूब म्हातारीचा हात गं बाय." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. भाचीनं काजळाचं बोट टेकवलं, पोपट बघायला लागले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पाणी प्यायचं निमित्त करून मागच्या पडवीत गेले.

भावजय माझ्यामागे आली. हातात काजळाची डबी तशीच.

"वन्स, जरा गोठ्यात चला."

"आज? मी काय शेण भरू?" मी फणकारले.

"चला तर."

म्हशी विकल्यापासून गोठ्यात लाकडं भरतात. तिनं दोन भारे बाजूला ओढले. आतल्या भिंतीवर धुरकटलेला चुना, खाली शेणाचे शिंतोडे, आणि वर पोपटाची जोडी. आईच्या पोपटांची. डोळे पांढरे.

"तुमची हाय," ती म्हणाली. "पुढं काढू दिली नाय म्हणून तुमच्या हळदीच्या पहाटे सासूबाईंनी इथं काढली. तुमाला दाखवायची होती त्यांना. पण म्हणायच्या, हॉलात लगीन झालेल्या पोरीला गोठ्यातली भिंत कशी दाखवू? मला मात्र आल्या आल्या दम भरला, पोपटांना हात लावायचा नाय, तिचं बोट राहिलंय."

मी मटकन लाकडांवर बसले आणि रडले. आईसाठी इतकी अजून रडले नव्हते. आणि नाक पुसता पुसता पहिला प्रश्न काय विचारावा?

"म्हणजे एवढी वर्षं तू ही रोज बघत होतीस?"

"रोज. धार काढताना समोरच असायची की."

घ्या! माझ्या लग्नाची भिंतसुद्धा हिनंच बघितली.

तिनं डबी पुढे केली. मी ती घेतली आणि म्हटलं, "तू बाहेर हो."

"आं?"

"बाहेर हो म्हणते ना."

ती हसली आणि गेली. मी बोट बुडवलं. नवरीचं बोट, पन्नाशीतलं, सांधे सुजलेलं. पहिला डोळा बरा आला. दुसऱ्याला बोट घसरलं आणि काजळ खाली ओढलं गेलं. एक पोपट ठीक, दुसरा चांगलाच चकणा. तरी दोघं माझ्याकडे बघत होते.

"वन्स," ती बाहेरून म्हणाली, "फिसकटलं का? मी येऊन नीट करू?"

तिनं काडीचा एक फटकारा मारला असता तर डोळा सरळ झाला असता. तेच तर मला नको होतं.

"पोपटांना हात लावायचा नाय!" मी आतून वसकले.

मला वाटलं, दुखावली. डोकावून बघितलं तर ती दाराला टेकून उभी होती आणि तिचे डोळे भरलेले.

"पुन्यांदा बोला ना, वन्स."

"काय?"

"आता बोलला ते. अगदी सासूबाई बोलल्या."

मी नाही बोलले. हात तिनं घेतलाय, आवाज तरी माझ्याकडे राहू दे.